गाव बांधून आहे

घुग्घुस,
१ जून

चि. दिव्यानीस,

अनेक आशीर्वाद. हे पत्र प्रवीण ड्रायव्हरजवळ देऊन राह्यलो. तुम्हा दोघांले येरमगुंड्याच्या नाल्यापाशी उतरवायचं, गाडी वळवायची आन मगच हे तुह्या हाती द्याचं, असं त्याले बजावलं आहे. आधी दिलं असतं तर तू गाडीतून उतरलीच नसती. बाप आहो तुहा, ओळखतो तुले.

मोहर्लीले वाघ दिसला का? जवाईबापूंच्या मनात खरं तर अंदमान होतं. जंगल पाहिजे, समुद्र पाहिजे, तंबू पाहिजे. मी म्हटलं, बापू, विमानात कशाले पैसे घालता, इंद्रावतीची वाळू पाहा, समुद्र विसरून जाल. त्याईले पटलं. तारखा त्याईनंच काढल्या, जागा मी सांगितली. सुकलूभाऊ आन इतवारीबाई माहे जुने लोक आहेत. बांबूच्या ट्रकवर होतो तेव्हाचे. त्याईच्या घरी तुले काही कमी पडणार नाई.

आता मुद्द्याचं. होळीपासून तू माहेरी आहे. मी पंक्चरच्या दुकानातून उठलेला माणूस. ट्रक गल्लीत वळला का खाटेवर पडल्या पडल्या सांगतो मागच्या कोणत्या चाकात हवा कमी आहे. पण माह्याच घरात तुहं काय दुखते ते मले ऐकू आलं नाई. विचारलं तर तू म्हणते, सांगून समजणार नाई बाबा. मारत नाई, पीत नाई, बाहेरचं लफडं नाई. तू दवाखान्यात ड्युटीवर राहे तवा जवाईबापू दर तासाले फोन करत. तुह्या आईनं मले वर्षातून एकदा तरी विचारलं काय, कुठी आहा म्हणून? मलेही त्याईनं नवा फोन घेऊन दिला. त्यात तुहा निळा ठिपका दिसते. पोरगी कुठी आहे ते बापाले बसल्या जागी दिसते. असा जवाई मागून भेटत नाई.

म्हणून म्हणतो, नदीकाठी निवांत बसा. बोला एकमेकांशी. आरोग्य सेविकेच्या ऑर्डरचं डोक्यात आणू नको. पंधरा तारखेच्या आत रुजू व्हाचं आहे हे मले माहीत आहे. मुदत वाढवून भेटते असं जवाईबापू म्हणत होते.

तुह्या आईनं लोणच्याची पिशवी दिली आहे. सांडू नको.

तुहा,
बाबा

*

येरमगुंडा,
४ जून

तीर्थरूप बाबांस,

साष्टांग नमस्कार. आम्ही सुखरूप पोहोचलो. मोहर्लीला वाघ दिसला नाही, पाणवठ्यावर गवे दिसले. इथे इंद्रावतीचे पात्र फार मोठे आहे. पाणी मधोमध थोडेसे आहे आणि दोन्ही बाजूंना नुसती वाळू. राजदीप यांनी वाळूवर तंबू लावला होता, परंतु तिथे एकच रात्र राहता आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव बांधले. गावातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वाटेवर पानांची दोरी आडवी बांधली. गायता, म्हणजे इथली पूजा करणारे म्हातारे, दोरीखाली राख आणि तांदूळ टाकत पूर्ण गावाभोवती फिरले. आता पेरणीचे बी पूजून होईपर्यंत आतला माणूस बाहेर जात नाही, बाहेरचा आत येत नाही. सुकलूभाऊंनी आम्हाला तंबू काढायला लावून गावात आणले. किती दिवस, असे मी गायत्यांना विचारले. ते म्हणाले, झाले की कळेल.

वेशीवर एक सपाट दगड आहे. मीठ, औषध, पत्र असे काही असेल तर त्या दगडावर ठेवतात. नाल्यापलीकडच्या गावातल्या आशा ताई, हर्षा नाव आहे, त्या तिकडून उचलून भामरागडला एसटीत देतात. हे पत्र तसेच येईल.

हे तुम्हाला आधीपासून माहीत होते का?

इथे फोनला रेंज नाही. राजदीप माझी फार काळजी घेतात. पाणी आणायला गेले तरी सोबत येतात. आत्ताही बाजूलाच बसून आहेत. तुम्हाला नमस्कार सांगतात.

पंधरा तारीख मी विसरलेली नाही. तुम्हीही विसरू नये, ही विनंती. आईला सांगा, लोणच्याची पिशवी तळापर्यंत उघडून पाहिली. सगळे व्यवस्थित आहे.

आपली,
दिव्यानी

*

घुग्घुस,
६ जून

चि. दिव्यानीस,

पत्र पाहून जीव थंड झाला. बाजूलेच बसून आहेत असं वाचलं आन तुह्या आईले मोठ्यानं वाचून दाखवलं. ती पोळ्या लाटत राह्यली. पण लोणच्याचं ऐकून एवढी खुश झाली का मले वाटलं लोणच्याले बक्षीस भेटलं.

तू विचारलं म्हणून सांगतो. हाव, माहीत होतं. मी स्वतः त्या गावात बांधला गेलो होतो. तुहा जन्म व्हाचा होता तेव्हा. बांबू भराले गेलो, टायर फुटलं, स्टेपनी आणाले माणूस गेला आन दुसऱ्या दिवशी सकाळी समोर पानाची दोरी. मी लय आरडाओरडा केला. मालक मले कापून टाकीन म्हटलं. गायता हसला. मंग सुकलूभाऊनं जेवाले बसवलं. काही काम नाई, कुठी जाणं नाई, नुसतं बोलणं. निंघालो तेव्हा बिडी सुटली होती आन सख्ख्या भावाशी धरलेला अबोला सुटला होता. घरी आल्यावर आधी त्याच्या दारी गेलो.

तेच मनात धरून सुकलूभाऊले निरोप धाडला, यंदा गाव केव्हा बांधता? जवाईबापूंच्या तारखा आन गायत्याचा दिवस बरोबर जुळले. योग म्हणतात तो हाच. घरी तू खोलीचं दार लावून घेते, ते बाहेर बसून राह्यतात. तिथी दारच नाई. आता बोलाच लागंन.

रागावू नको. बाहेर आल्यावर बापाले शिव्या घाल.

माह्या फोनात तुहा ठिपका भामरागडच्या पुलावर थांबून आहे. सकाळी उठलो का पाहतो. तिथीच असते.

तुहा,
बाबा

*

येरमगुंडा,
८ जून

आदरणीय बाबा,

सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र मिळाले. तुम्ही इतका विचार करून ही जागा निवडली, हे वाचून मन भरून आले. वडील असावेत तर असे.

उन्हामुळे दिव्यानीला थोडा थकवा आहे, म्हणून दोघांच्या वतीने मीच लिहीत आहे. यापुढेही मीच लिहीन, तुम्ही तिच्या पत्राची वाट पाहू नये. काळजीचे कारण नाही. मी तिला क्षणभरही एकटे सोडत नाही. इथल्या बायका तिला पहाटे नदीवर नेतात. अनोळखी जागा, जंगल, म्हणून मी सोबत जातो. त्यावरून इथल्या बायकांनी जरा गैरसमज करून घेतला, पण ते चालायचेच.

आमचे सविस्तर बोलणे झाले. नोकरीचा विचार तिने सोडला आहे. एटापल्लीकडे एकटीने उपकेंद्रात राहणे तिच्या स्वभावाला झेपणारे नाही, हे तिलाही पटले. एक छोटीशी विनंती. तिची मूळ प्रमाणपत्रे आणि ती ऑर्डर तुमच्या कपाटात आहेत. ती काढून ठेवावीत. परत येताना मी घेऊन जाईन. घरी सुरक्षित राहतील.

तुमचाच,
राजदीप

*

घुग्घुस,
१० जून

सुकलूभाऊ,

जोहार. हे पत्र तुमच्या भाचीकडून, ललिताकडून, वाचून घ्या. दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नका. पाहुण्याच्या तर नाईच. हर्षाताईले तसा निरोप धाडला आहे.

काल जवाईचं पत्र आलं. सुंदर अक्षर. पहिल्यांदा वाचलं, बरं वाटलं. दुसऱ्यांदा वाचलं तर काहीतरी खटकलं. तुम्ही म्हणायचे ना भाऊ, गुणवंता, तुहे कान कुत्र्याचे आहेत. चालू गाडीत एखादा आवाज कमी झाला तरी मले समजते. त्या पत्रात पोरीचा आवाजच नाई. तिनं ठरवलं, तिले पटलं, तिले थकवा. ती कुठीच बोलत नाई. माह्या पोरीले पटलं असतं तर तिनं आधी चार भांडणं केली असती, मंग पटवून घेतलं असतं.

त्यानं कागद मागितले म्हणून कपाट उघडलं. फाइलच नाई. बायकोले हाक मारली.

"फाइल कुठी आहे?"

"तिच्यासोबत गेली."

"कशी?"

"लोणच्याच्या खाली. प्लास्टिकमध्ये गुंडाळून."

"मले काऊन नाई सांगितलं?"

"तुम्ही जवाईले सांगितलं असतं."

भाऊ, चाळीस ट्रकाच्या आवाजात मी एका बेअरिंगचा आवाज वेगळा काढतो. स्वयंपाकघरात माही बायको तीन महिने चूप होती, ते मले ऐकू आलं नाई. मंग ती बोलली. दवाखान्यात पोरगी बाथरूमले गेली तरी व्हिडिओ फोन उचलून भिंत दाखवा लागे, कुठी आहे म्हणून. साडी कोणती, बाजूले कोण उभं आहे, पगाराचं कार्ड कोणाजवळ. एकदा फोन उचलला नाई तर जवाई वार्डात येऊन उभा राह्यला, पेशंटसमोर. हात कधी लावला नाई. ओरडला बी नाई. नुसता रडला, का तू मले मारशीन एक दिवस काळजीनं. तवाच तिनं नोकरी सोडली.

आन मी त्याच माणसासंगं तिले तुमच्या गावात बांधून ठेवलं. तारखा त्यानंच काढल्या होत्या, तिची रुजू व्हाची पंधरा तारीख हुकंन अशा. मी समजलो योग जुळला.

भाऊ, मले खरं सांगा. पोरगी तिथी बोलते काय? जेवते काय? आन गायत्याले विचारून तिच्यापुरती दोरी सोडता येईन काय? गाडी घेऊन मी वेशीवर येऊन उभा राह्यतो.

तुमचा,
गुणवंता

*

येरमगुंडा,
११ जून

गुणवंतमामांना ललिताचा जोहार.

सुकलूमामा सांगतात तसे मी लिहिते. मध्ये मध्ये इतवारीमामी पण बोलते, ते पण लिहिते.

तुमची मुलगी आमच्याशी बोलते. त्याच्यासमोर बोलत नाही. मोह वेचायच्या टोपल्या विणायला बायका बसतात तिथे ती येते, तो पण येतो. फोनला रेंज नाही तरी हातात फोन धरून बसतो. तिने कोणाला काय म्हटले ते विचारतो. आम्ही आमच्या माडिया बोलीत बोललो तर त्याला वाटते आम्ही त्याच्याबद्दल बोलतो. पहिल्या दिवशी बोलत नव्हतो, आता बोलतो.

सकाळी बायका नदीवर आंघोळीला जातात. तो वाळूवर येऊन बसला. मामीने त्याला म्हटले, बाबू, इथे पुरुष येत नाहीत. तो म्हणाला, माझी बायको आहे. मामी म्हणाली, बाकीच्या तुझ्या कोण आहेत? मग सगळ्या बायकांनी वाळू फेकली. तो गेला. तुमची मुलगी त्या दिवशी पाण्यात खूप वेळ बसली. हसली पण.

दोरीचे विचारले. गायता म्हणतात, दोरी एका माणसासाठी सोडली तर सगळे गाव उघडे पडते. मग बी पुन्हा पहिल्यापासून पूजावे लागते. तुम्ही गाडी आणू नका. आणली तरी नाल्याच्या पलीकडेच उभी राहील.

मामी म्हणते ते जसेच्या तसे लिहायला सांगते. दुखणे बाहेर राहावे म्हणून आम्ही गाव बांधतो. दादा, तू दुखणे पोरीच्या सोबत आत पाठवले आणि मग गाव बांधायची वाट पाहिली. तुला आमचे गाव तुरुंग वाटले का?

मामा म्हणतात, असे कडक लिहू नको. मामी म्हणते, लिही.

एक गोष्ट आहे. बाळंतपणाला गाव बांधलेले नसते. कोणी बाई अडली आणि तिच्यासाठी कोणाला बोलावले, तर गायता स्वतः दोरी वर धरतात. जाणाऱ्या बाईने गावातली काही वस्तू सोबत न्यायची नाही, रिकाम्या हाताने जायचे. गेलेली बाई गाव उघडेपर्यंत परत आत येत नाही. हर्षाताईच्या गावात एका बाईचे दिवस भरले आहेत. पहिल्या वेळी तिला फार त्रास झाला होता. हर्षाताईला माहीत आहे की इथे शिकलेली नर्स आली आहे.

लोणच्याखालचे कागद आज आम्ही दगडावर ठेवले. कागदाला दोरी अडवत नाही. हर्षाताईने उचलले.

ललिता

*

उपकेंद्र, ता. एटापल्ली,
१४ जून

बाबा,

मी काल रुजू झाली. आधी हे लिहिते, बाकीचं मागून.

परवा सकाळी हर्षाताई दगडापाशी येऊन ओरडली. बाईच्या कळा थांबल्या आहेत, अँब्युलन्सले लय वेळ लागंन, नर्सले पाठवा. खरंच होतं, बनवून सांगितलं नव्हतं. मी तशीच उठली. राजदीप म्हणाले, मी पण येतो, तिला एकटं सोडणार नाही. गायत्यानं दोरी काठीनं वर धरली होती. मी खालून गेली. राजदीप वाकले तशी काठी खाली आली. गायता म्हणाला, "तुले कळा येऊन राह्यल्या काय?" पूर्ण गाव हसलं. माणसं बी हसले. मले वाटलं, मी पण मागं वळून हसावं. वळली नाई.

फोन इतवारीमामीजवळ ठेवून आली. रिकाम्या हातानं जाचं होतं ना. नाल्याच्या पाण्यातून चालताना हात एवढे हलके वाटले का मले समजेना त्याईचं काय करावं.

बाळ पायाळू होतं. अँब्युलन्स येईपर्यंत मी आन हर्षाताईनं जमेल ते केलं, मंग रस्त्यातच बाळंत झाली. पोरगी. दोघी चांगल्या आहेत. तीच गाडी पुढं एटापल्लीले गेली आन मी तिच्यातूनच ऑफिसात उतरली. चपलीले चिखल, अंगावर रक्ताचे डाग. साहेबानं हर्षाताईजवळून आणलेले कागद पाहिले, मले पाहिलं आन म्हणाले, रुजू व्हायला आल्या का भरती व्हायला?

बाबा, तुमचं सहा तारखेचं पत्र राजदीपनं मले वाचून दाखवलं होतं. दोनदा. तिथी दारच नाई, आता बोलाच लागंन. हे वाक्य वाचताना ते हसत होते. त्या दिवशी मले वाटलं, आता कोणाले लिहू? आईचं लोणचं नसतं तर मी खरंच हो म्हणून टाकलं असतं. थकून. तुम्हाले हे लागावं म्हणून नाई लिहीत. पण लागलं तर लागू द्या.

दहा तारखेचं तुमचं पत्र ललितानं मले तोंडपाठ ऐकवलं, टोपली विणता विणता, माडियात गाणं म्हटल्यासारखं. मधे मधे मराठी. ते बाजूलेच बसले होते. गाणं छान आहे म्हणाले.

उपकेंद्राच्या समोरून सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीचे ट्रक जातात. धूळ घुग्घुससारखीच, फक्त लाल. कोणत्या चाकात हवा कमी आहे ते मले काही समजत नाई.

नवा फोन घेतला नाई. इतक्यात घेणार नाई. लिहा.

दिव्यानी

*

घुग्घुस,
१९ जून

दिव्यानी,

लागलं. बरं झालं लिहिलं.

सोळाले गाव उघडलं. गायत्यानं बी वाटलं, सुकलूभाऊनं जवाईच्याही हातात मूठभर ठेवलं, आन प्रवीण त्याले घेऊन परवा इथी आला. तंबू, दोरखंड, पाणी गाळाची मशीन, सगळं अंगणात टाकलं आन ओट्यावर बसला. सुकला होता. तुह्या आईनं पाणी दिलं, च्या दिला, आन समोरच बसून भाजी निवडू लागली. आधी ती पाहुण्यासमोर कधी बसत नव्हती.

"बाबा, तुम्ही तिला समजवा."

"काय समजवू बापू?"

"ती एकटी आहे तिथं. काही झालं तर?"

"झालं तर तिथी दवाखाना आहे. तीच चालवते."

मंग तो रडला. खोटा नाई रडला, दिव्यानी. मी ऐकत होतो, खोट आहे काय म्हणून. नव्हती. तेच कठीण आहे. त्याले खरंच वाटते का हा जीव लावणं आहे. त्याच्या पाठीवर हात ठेवाले माहा हात उठला होता. तुह्या आईनं भाजीतून नुसतं वर पाह्यलं. हात खाली घेतला.

त्यानं विचारलं, तिथला पत्ता द्या, मी जाऊन येतो. मी म्हटलं, पत्ता तुम्हाले माहीत आहे, ऑर्डर तुम्ही वाचली आहे. पण बापू, आधी पत्र लिहा. येऊ काय, म्हणून विचारा. ती ये म्हणंन तर जा. चूप राह्यली तर ते बी उत्तरच समजा. तसं न विचारता गेले, तर माह्या चाळीस गाड्या त्याच रस्त्यानं चालतात, प्रत्येक ड्रायव्हर मले फोन करते. धमकी नाई दिली. जसं आहे तसं सांगितलं.

मंग आतून त्याईनं दिलेला फोन आणला आन त्याईच्या पिशवीत ठेवला.

"हा तुमच्यासाठी होता, बाबा."

"मले ऐकू येते बापू. पाहाची गरज नाई."

ठेवाच्या आधी एकदा उघडून पाह्यला. तुहा निळा ठिपका अजून भामरागडच्या पुलावरच होता. बिचारा तिथीच उभा आहे, कोणाची तरी वाट पाहत. राहू दे. जवाईनं त्याच्याकडं पाह्यलं, मी पण पाह्यलं. दोघाईले बी माहीत होतं का तू तिथी नाई.

इतवारीबाईले परवाच निरोप धाडला. तुमचं गाव तुरुंग समजलो, चुकलो म्हटलं. उत्तर आलं, पुढच्या वर्षी बी पूजाले येजो, एकटा. म्हणजे अजून पूर्ण माफ नाई केलं. बरोबर आहे.

आता तुले विचारतो. तुह्या आईनं पिशवी भरून ठेवली आहे, या खेपेले लोणच्याखाली काय आहे ते मी विचारलं नाई. ती विचारून जाणार नाई, उद्याच्या एसटीनं निंघून राह्यली. तिचं तुह्याजवळ चालते. माहं तसं नाई. मी तुले न विचारता एकदा कुठी धाडून बसलो आहो.

म्हणून सांग, मी येऊ काय? नको असन तर नको लिही. मी फाटकापाशी खाट टाकून बसलो आहो. पोस्टमनच्या सायकलची साखळी ढिली आहे, चौकात वळला का ऐकू येते.

बाबा